पांढऱ्या मातीचे डोहाळे

वॉडमलॉ बेटावरच्या पोरांना घड्याळ वाचता येण्याआधी ओरिथिया मझीक ओळखू येते. ओकच्या झाडांखालून तिची पिवळी बस वळताना दिसली की आया पोरांच्या पाठीवर दप्तरं चढवतात आणि त्यांना दाराबाहेर पिटाळतात, कारण मिस ओरी कुणाच्या लाडाकोडासाठी थांबत नाही. एकदा रेव्हरंडांची नात बुटाची नाडी बांधत बसली, तर बस पुढे निघून गेली आणि रेव्हरंडांना स्वतःची गाडी काढून नातीला शाळेत पोचवावं लागलं. त्या रविवारी त्यांनी वक्तशीरपणावर प्रवचन दिलं. ओरिथिया पुढच्याच बाकावर बसून मान डोलावत होती.

बस चालवताना ती कोपरापर्यंत हातमोजे घालते, गळ्यापर्यंत बंद सदरा, आणि डोक्यावर एवढी रुंद टोपी की मागच्या बाकावरून बघणाऱ्याला वाटावं, टोपीच बस चालवतेय. भर ऑगस्टात, माणसाच्या अंगाचं पाणी पाणी होत असताना, नवीन आलेलं एखादं पोर हमखास विचारतं, "मिस ओरी, तुम्हाला उकडत नाही?"

"उकडतं ना."

"मग काढा की टोपी."

"राण्या काढत नसतात," ती आरशातून बघत सांगते. "खाली बस."

खरं कारण हे की ऊन तिला सोसत नाही. जरा ऊन लागलं की दोन्ही गालांवर काळसर तांबडा चट्टा उमटतो, आणि दुसऱ्या दिवशी बोटांचे सांधे कुणी चिमट्यात धरल्यासारखे दुखतात. ल्युपस. शरीरानं राखणीला ठेवलेला पहारेकरीच घरातल्यांवर काठी उगारतो, असा हा आजार. तिच्या अंगात ती काठी मूत्रपिंडांवर पडली होती. बाविसाव्या वर्षी डॉक्टरांनी नाव सांगितलं. बेटावर आजार काही नवा नव्हता, नाव तेवढं नवं होतं. तिची मावशी लूसिल पहिल्या बाळंतपणात गेली, पोटातल्या बाळासकट, तेव्हा लोक नुसतंच म्हणाले होते की अंगावर सूज चढली आणि बाई आटोपली. ओरिथियाची आई, जिला सगळं बेट मानानं मिस अर्नेस्टिन म्हणतं, त्या वेळी बहिणीच्या उशापायथ्याशी होती. तेव्हापासून गरोदर बाईच्या पावलांवर सूज दिसली की मिस अर्नेस्टिन काहीतरी निमित्त काढून खोलीतून उठते.

त्यामुळे ओरिथियानं खाडीतून कालवं काढून विकणाऱ्या थॅडियसशी लग्न केलं, तेव्हा आईनं लेकीला जवळ बसवून घेतलं आणि बजावलं, "तुला नवरा मिळाला. सरकारी बस मिळाली. आता ह्याच्यापुढे हाव धरू नकोस."

ओरिथियानं हाव धरली.

शहरातल्या इस्पितळात डॉक्टर व्हॅन्स तिला चार वर्षं तपासत होत्या. हाडकुळी, उंच बाई, बोलताना चष्मा डोक्यावर सरकवायची आणि मग चष्मा कुठे गेला म्हणून टेबलावर शोधायची. ओरिथियानं खुर्चीत बसायच्या आधीच विषय काढला. मला मूल हवंय. आधीच्या डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं होतं. तुम्ही काय ते सांगा, मग मी पुढच्या कामाला लागते.

"मी नाही म्हणत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता मात्र नाही."

"आत्ता नाही म्हणजे केव्हा?"

"तुमचा आजार आधी गाढ झोपायला हवा. निदान सहा महिने. जागा असताना गरोदर राहिलात तर तो तुम्हालाही सोडणार नाही आणि बाळालाही."

ओरिथिया घरी आली आणि आजाराला झोपवायच्या मागे लागली. मूत्रपिंडासाठी जे जहाल औषध चालू होतं ते बाळाला घातक, म्हणून डॉक्टरांनी ते बंद करून दुसरं दिलं आणि ते मानवतंय ना, हे महिनेन् महिने तपासलं. मलेरियावरची एक जुनी गोळी मात्र त्यांनी हातात ठेवून पुन्हा पुन्हा सांगितली. ही सोडायची नाही. दिवस राहण्याआधी नाही, राहिल्यावर नाही, बाळंत झाल्यावरही नाही. आजाराला अंगाई म्हणते ती हीच. ओरिथियाला गोष्ट पटली की पटली. रोज सकाळी बसची किल्ली उचलायच्या आधी ती गोळी घ्यायची, आणि थॅडियस सांगतो की आमच्या घरात एक वेळ येशूचं नाव घ्यायचं राहील, पण बायकोची गोळी राहायची नाही.

सहाचे नऊ महिने झाले. लघवी स्वच्छ, रक्तदाब जागेवर. डॉक्टर व्हॅन्सनी कागद खाली ठेवला, चष्मा डोक्यावर सरकवला आणि म्हणाल्या, "जा, घाला जन्माला."

"आज तर जमायचं नाही," ओरिथिया म्हणाली. "दुपारी बस आहे."

दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा मिस अर्नेस्टिन भेंडीची आमटी ढवळत होती. तिनं पळी खाली ठेवली नाही की लेकीकडे वळून पाहिलं नाही. पाठमोरीच म्हणाली, आता त्या गोळ्या बंद कर. पोटुशी बाई कधी औषधं खाते का? ओरिथियानं समजावलं की औषध सोडलं तरच धोका आहे. आईनं पळी जोरात ढवळली. थॅडियसनं हळूच भांड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, आई, बेतानं, त्या भेंडीनं काय केलंय.

पहिले महिने चांगले गेले. रात्रीची छोटी ॲस्पिरिन सुरू झाली, रक्तदाब चढू नये म्हणून. ओरिथियाच्या रक्तात असं काही होतं जे नाळेतून जाऊन बाळाच्या हृदयाची लय बिघडवू शकत होतं, म्हणून चौथ्या महिन्यापासून दर आठवड्याला पोटावर यंत्र फिरवून बाळाचे ठोके पाहायचे. खोलीत अंधार, पडद्यावर राखाडी धुकं, आणि त्या धुक्यात एक मुठीएवढीही नसलेली गोष्ट उघडझाप करतेय. तपासणारी मुलगी मान हलवायची, "धावतंय." ओरिथिया म्हणायची, "धावेलच. आईवर गेलंय."

आणि मग डोहाळे लागले.

पांढऱ्या मातीचे. जॉर्जियातल्या टेकड्यांत खडूसारखी मऊ, दुधासारखी पांढरी माती निघते. तिची ढेकळं वाळवून पिशव्यांतून विकतात. वर लिहिलेलं असतं की ही खाण्यासाठी नाही, आणि घेणारी प्रत्येक बाई ती खाण्यासाठीच घेते. मिस अर्नेस्टिननं पाचही बाळंतपणांत खाल्ली होती, तिच्या आईनं खाल्ली होती, त्या आधीच्यांचं कुणी विचारू नये. पोटात बाळ असलं की जिभेला माती आठवते, एवढं प्रत्येकीला माहीत. लेकीला सकाळी ओकाऱ्या व्हायला लागल्या, विशेषतः ती कडू गोळी पोटात गेली की, तेव्हा आईनं जॉर्जियातल्या मामेबहिणीला फोन केला. आठवड्यात पिशवी आली. मिस अर्नेस्टिननं सगळ्यांत छान ढेकूळ निवडलं, फडक्यानं पुसलं आणि लेकीपुढे धरलं.

"गोळीच्या आधी एक तुकडा, वरून एक तुकडा. आतली आग बसते."

ओरिथियानं तुकडा दाताखाली धरला. तो आधी कुरकुरला आणि मग लोण्यासारखा जिभेवर पसरला. गोळी पोटात राहिली. इतक्या महिन्यांत आईनं पहिल्यांदाच तिच्या गोळीला हातभार लावला होता, आणि त्या मातीपेक्षा त्याचीच गोडी ओरिथियाला जास्त लागली असावी. त्या दिवसापासून गोळी आणि माती ह्यांची जोडी जमली. ढेकळं पर्समध्ये, बसच्या खणात, उशीशेजारी. फक्त शहरात जाताना पर्सची चेन घट्ट ओढायची. हे बेटावरच्या प्रत्येक पोरीला न सांगता कळतं. माती घरात खायची, आपल्या बायकांत खायची, परक्यांसमोर नाही. ओरिथिया शाळेत असताना एका शहरी मुलीनं तिच्या खिशातलं ढेकूळ पाहून वर्गभर केलेला गलका तिला अजून आठवतो.

सहाव्या महिन्यात तिची पावलं सुजली. मिस अर्नेस्टिननं ती पाहिली आणि कपडे वाळत घालायचं निमित्त काढून बाहेर गेली. दोरीवर आधीच कपडे होते.

इस्पितळात लघवी तपासली, तर प्रोटीन जात होतं. मूत्रपिंडं पुन्हा गळायला लागली होती. रक्तही कमी झालेलं. डॉक्टर व्हॅन्सनी आणखी एक तपासणी सांगितली, आणि निकाल आला तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं आणि खुर्ची ओढून ओरिथियाच्या अगदी जवळ बसल्या. डॉक्टर अशा जवळ बसायला लागल्या की पेशंटनं दाराकडे बघावं. ओरिथियानं बघितलं.

"ती मलेरियाची गोळी घेताय ना?"

"घेतेय."

"रोज?"

"मी काय रोज करते आणि काय चुकवते, ते आमच्या बेटावर कुणालाही विचारा."

डॉक्टरांनी निकालाचा कागद तिच्यापुढे धरला. मग म्हणाल्या, "तुमच्या रक्तात ती जवळजवळ सापडतच नाहीये, ओरिथिया."

ह्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते अगदी हळू आवाजात, आणि म्हणूनच जास्त लागलं. पुष्कळ बायका गोळी सोडतात. घरचे घाबरवतात, बाळाची काळजी वाटते. त्या रागावणार नव्हत्या. पण त्यांना खरं कळल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नव्हतं. गोळी सुटली असेल तर वाट सरळ होती, पुन्हा सुरू करायची आणि लक्ष ठेवायचं. पण ओरिथिया ती रोज घेत असूनही हे होत असेल, तर आजार गोळीला जुमानत नाही असा अर्थ निघायचा. मग जबर औषधांशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि तरीही सूज उतरली नाही तर बाळाला फार लवकर बाहेर काढायची वेळ येणार होती. इतकं लवकर की ते जगेल असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही.

ओरिथियानं मांडीवरची टोपी उचलली.

"म्हणजे मी खोटारडी निघाले तर बाळ वाचतं. खरी असले तर धोक्यात. असंच ना?"

"मी तुम्हाला खोटारडी म्हटलेलं नाही."

"तोंडानं नाही म्हटलंत."

दोन दिवसांनी परत यायचं ठरलं होतं, औषधाचा निर्णय घ्यायला. ओरिथिया उत्तर न देता निघाली. पुलावरून परत येताना थॅडियस गाडी चालवत होता आणि ती एक शब्द बोलली नाही. बस चालवणारी बाई दुसऱ्याच्या गाडीत गप्प बसलीय म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, हे त्यानं ओळखलं. एरवी ती त्याच्या प्रत्येक ब्रेकला चूक काढायची.

संध्याकाळी टेबलावर टोमॅटोत शिजवलेला लाल भात आणि कोळंबी होती, आणि कुणीच जेवत नव्हतं. ओरिथियानं सगळं सांगितलं. मिस अर्नेस्टिननं क्षणाचाही विचार केला नाही.

"सांग तिला, विसरले होते म्हणून."

"आई, मी विसरले नाही."

"मला माहितीय तू विसरली नाहीस. मी काय विचारतेय? मी म्हणतेय तिला सांग. मान खाली घाल, चुकलं म्हण, घरी ये. जबर औषध नको, बाळाला ओढून काढणं नको. एवढा ताठा कुणासाठी?"

"माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

"लूसिललाही शब्दाची किंमत होती," मिस अर्नेस्टिन म्हणाली. "शब्द आहे अजून. लूसिल नाही."

भाताची वाफ निवून गेली. थॅडियसनं कोळंबीचं एक साल काढलं, ते ताटाच्या कडेला नीट ठेवलं आणि सासूकडे न बघता बोलायला लागला. तो फारसा बोलत नाही. बोलला तर कालवांबद्दल.

"मी खराब कालव ताजं म्हणून विकलं, तर आजारी कोण पडतं? मी पडतो का? गिऱ्हाईक पडतं." त्यानं बायकोच्या पोटाकडे बोट केलं. "इथं गिऱ्हाईक ते आहे. डॉक्टरला खोटं सांगितलं, आणि गोळी खरंच लागू पडत नसली, तर ती चुकीचं औषध देत बसेल. आपली लाज राहील, आई. पोर नाही राहायचं."

मिस अर्नेस्टिन उठून आपल्या खोलीत गेली. ओरिथियानं मग ताट पुढे ओढलं आणि गार भात सगळा खाल्ला. तिचं ठरलं होतं. लोकांना वाटतं अभिमानी माणूस रागावून घरी बसतो. ओरिथिया रागावली की वेळेच्या आधी पोचते.

दोन दिवसांनी ती तपासणीच्या खोल्या उघडायच्या आत इस्पितळाच्या दारात होती. मुद्दाम सकाळची गोळी न घेता आली होती. डॉक्टर व्हॅन्स आत आल्या तेव्हा गोळ्यांची बाटली टेबलावर मांडलेली, शेजारी पाण्याचा पेला.

"तुमच्यासमोर घेते," ओरिथिया म्हणाली. "घरी घेते तशीच. एका रेघेचा फरक करणार नाही. तुम्ही बसा आणि बघा. आणि मग माझ्याकडे बघून सांगा की मी घेत नाही."

डॉक्टर बसल्या.

ओरिथियानं गोळी तळहातावर काढली. आणि सवयीनं दुसरा हात पर्सकडे गेला आणि चेनवर थबकला.

तोवर हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. घरी घेते तशीच, असं म्हणून बसली होती. घरी गोळीच्या आधी काय जातं, ते ह्या चकचकीत खोलीत, ह्या बाईसमोर काढायचं? नुसती गोळी घ्यावी तर दहा मिनिटांत ती बाहेर पडेल, आणि डॉक्टरला वाटेल, हिला गोळी पचतच नाही, म्हणून गुपचूप फेकत असणार. शाळेतला तो गलका कानात वाजला. माती खाते, ही माती खाते. तळहातावर गोळी घामानं चिकटायला लागली. पोटात बाळानं एक लाथ मारली. ओरिथिया पुढे सगळ्यांना सांगते की त्यानंच मला ढकललं, पण ते काही खरं नाही. तिनं स्वतःच चेन उघडली.

ढेकूळ काढलं. एक तुकडा मोडून चावला, गोळी घेतली, पाणी प्याली, वरून दुसरा तुकडा. मग तोंड पुसलं आणि मान वर केली. एखाद्या राणीनं भर दरबारात माती खाल्ली असती तर अशीच मान वर केली असती.

डॉक्टर व्हॅन्सनी चष्मा डोक्यावरून खाली आणला.

"ते काय आहे?"

"माती."

"कसली माती?"

"खायची."

डॉक्टर हसल्या नाहीत, आणि त्यांनी नाकही मुरडलं नाही. त्यांनी हात पुढे केला. ओरिथियानं ढेकूळ त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते उजेडात धरलं, बोटांनी चुरून पाहिलं, वास घेतला. मग विचारायला लागल्या. केव्हापासून? किती? नेहमी गोळीबरोबरच? ओरिथियानं एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि दर उत्तराला डॉक्टरांचा चेहरा बदलत गेला. शेवटी त्या उठल्या आणि तिच्यासमोरच औषधांच्या विभागाला फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. डॉक्टर "हं, हं" करत होत्या. ओरिथिया पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडवत होती, पुन्हा गुंडाळत होती.

फोन खाली ठेवून डॉक्टर पुन्हा समोर बसल्या. पूर्वी जुलाब थांबवायच्या औषधात हीच माती घालत असत, त्यांनी सांगितलं. ती पोटात गेली की जे सापडेल ते धरून ठेवते आणि आपल्याबरोबर बाहेर घेऊन जाते. ओरिथिया गोळी घेत होती, आणि माती ती अंगाला लागू देत नव्हती. अन्नातलं लोहही तिनंच अडवलं असणार, म्हणून रक्त कमी.

"हे नक्कीच असंच आहे, असं मी आज छातीवर हात ठेवून सांगणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण जुळतंय सगळं. माती आजपासून पूर्ण बंद. गोळी जेवणाबरोबर घ्यायची. गोळीचा अंमल बसेपर्यंत थोडं स्टेरॉइड देते, थोडंच. आठवड्यातून दोनदा येऊन दाखवायचं. बाळ आहे तिथंच राहू दे."

ओरिथियाला रडू आलं नाही. ते गाडीत येणार होतं. ती म्हणाली, "म्हणजे मी घेत होते."

"तुम्ही घेत होता."

"एक दिवस न चुकवता."

"एक दिवस न चुकवता," डॉक्टर म्हणाल्या. "मी तुम्हाला सिगारेट विचारली, दारू विचारली, घरात भांडणं होतात का विचारलं. माती विचारली नाही. ती माझी चूक. आणि परवा मी ज्या संशयानं विचारलं, तीही. माफ करा मला."

ओरिथियानं मान हलवून माफी स्वीकारली. मग प्रामाणिकपणे म्हणाली, "विचारली असतीत तरी मी सांगितली नसती."

"मग आज?"

"आज तुम्ही मला पेटवलंत."

सगळ्यात अवघड काम घरी होतं. मिस अर्नेस्टिननं सगळं ऐकून घेतलं आणि आधी डॉक्टरला, मग इस्पितळाला, मग एकूणच शहराला नावं ठेवली. तिच्या आईनं माती खाल्ली, आजीनं खाल्ली, बेटावरची अर्धी माणसं आईच्या पोटात असताना मातीवरच वाढली. ओरिथिया म्हणाली, बरोबर आहे तुझं. पण त्यांच्या अंगात हा आजार नव्हता आणि त्या ही गोळी घेत नव्हत्या. मिस अर्नेस्टिननं टेबलावरची मातीची पिशवी जवळ ओढली आणि तिचं तोंड गच्च बांधायला लागली. गाठ मारली, वर आणखी एक मारली.

"मी भरवली तुला," ती म्हणाली. "माझ्या हातानं."

"भरवलीस म्हणून माझ्या पोटात काहीतरी राहत होतं, आई."

पिशवी कुठे गेली ते कुणी विचारलं नाही. पण माती सुटणं सोपं नव्हतं. बस चालवताना उन्हानं तापलेल्या कच्च्या रस्त्याचा वास खिडकीतून आला की ओरिथियाच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि ती पोरांवर विनाकारण खेकसायची. चौथ्या दिवशी सकाळी आई दारात उभी, हातात डबा. तीळ भाजून, गुळासारखी काळी साखर घालून, कागदासारख्या पातळ चकत्या केल्या होत्या, दाताखाली कुरकुरतील अशा. "खाऊन बघ," ती म्हणाली. "तसं नाही लागत. पण आवाज तसाच येतो." बसमधल्या पोरांना वास लागला, आणि तेव्हापासून डबा दोन मजली झाला.

पायांची सूज हळूहळू उतरली. प्रोटीन आधी थांबलं नाही, नुसतं वाढायचं थांबलं, मग कमी होत गेलं. पुढच्या महिन्यात रक्तातलं गोळीचं प्रमाण वर आलं, तेव्हा डॉक्टर व्हॅन्स कागद घेऊन स्वतः बाहेर बसलेल्या बायकांच्या खोलीत आल्या आणि तो ओरिथियाच्या हातात दिला. ओरिथियानं तो वाचला आणि शेजारच्या अनोळखी बाईलाही वाचून दाखवला. मिस अर्नेस्टिन त्या दिवशी पहिल्यांदा बरोबर आली होती. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर ते चिमुकलं हृदय धावताना तिनं पाहिलं आणि विचारलं, दमत नाही का हे? तपासणारी मुलगी म्हणाली, नाही दमत, आजी. मिस अर्नेस्टिन लेकीच्या पावलांशी उभी होती. तपासणी संपेपर्यंत तिथून हलली नाही.

सदतिसाव्या आठवड्यात डॉक्टरांनी आणखी वाट बघायची नाही असं ठरवलं आणि कळा आणल्या. मुलगी झाली. अंगानं बारीक, आवाजानं दणदणीत, हृदयाचे ठोके घोड्याच्या टापांसारखे ठाम. नाव ठेवलं झिपोरा. ओरिथियाची मूत्रपिंडं टिकली, रक्तदाब दोनदा वर जाऊन खाली आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं उलट नर्सलाच आठवण करून दिली की माझी गोळी राहिलीय.

बाळाला देवापुढे आणायचा रविवार आला तेव्हा बेटावरचं ते लाकडी चर्च खिडक्यांपर्यंत भरलं होतं. मिस अर्नेस्टिन तिथली मुख्य सेविका. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, आणि अशी नजर की बाकावर कुजबुजणाऱ्याची कुजबुज घशात परत जावी. आपल्या घरातली गोष्ट चारचौघांत गेलेली तिला कधी खपली नाही. रेव्हरंडांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायचीय का, देवानं काय केलं ते सांगायचंय का? ओरिथिया बाळाला घेऊन उभी राहिली.

तिनं देवाचे आभार मानले. लोक "आमेन" म्हणाले. डॉक्टरांचे आभार मानले. "आमेन." मग ती म्हणाली की मी सहाव्या महिन्यात ही मुलगी गमावणार होते, आणि त्याचं कारण माझ्या पर्समध्ये होतं. मी पांढरी माती खात होते.

चर्चमधले पुठ्ठ्याचे पंखे जागच्या जागी थांबले. कुणी आमेन म्हटलं नाही. पुढच्या तीन बाकांवरच्या बायका आपापल्या पर्सवर हात ठेवून सरळ समोर बघायला लागल्या. ओरिथियानं पुन्हा तोंड उघडलं, पण झिपोरा रडायला लागली आणि ओरिथिया तिला थोपटायच्या नादात अडखळली.

मधल्या वाटेनं मिस अर्नेस्टिन चालत आली. पांढरे बूट लाकडावर वाजत होते. सगळ्यांना वाटलं, आता ही लेकीला दंडाला धरून खाली बसवणार. थॅडियसलाही तसंच वाटलं, तो अर्धा उठला. मिस अर्नेस्टिननं त्याला नजरेनंच खाली बसवलं. ती लेकीसमोर उभी राहिली, पांढरे हातमोजे घातलेले दोन्ही हात पुढे केले आणि बाळाला घेतलं.

"आता बोल," ती म्हणाली. "नीट बोल. ही माती कुणी दिली तेही सांग. इथं अशा चार तरी पोरी बसल्यात ज्यांच्या घरी हा आजार आहे, आणि त्यांच्या आया माझ्यासारख्याच आहेत."

मागून चर्चचे कारभारी डीकन विगफॉल घड्याळाकडे बघत खाकरले. मिस अर्नेस्टिननं मान वळवली. खाकरणं थांबलं.

ओरिथिया पहिल्यापासून सांगायला लागली. आई तिच्या शेजारी बाळाला डोलवत उभी राहिली, आणि लेक जिथं भराभर बोलून पुढे जायला लागे तिथं कोपरानं हलकेच ढोसून म्हणे, "हळू. हे पुन्हा सांग."